पहिल्या शिकारीचं दार

आकिनिसीचा मला राग येतो. माझ्या मुलाची, जुपीची, नाळ तिने कापली, उत्तरेच्या बर्फातल्या आमच्या या गावातल्या निम्म्या पोरांची तिनेच कापली, तरी येतो. ती आमच्या बाळंतघराची सुईण. गोड बोलणं म्हणून काही असतं, हे तिच्या गावीही नाही.

माझ्या सुनेला, निवीला, दिवस गेले तेव्हा सकाळी डोळा उघडला की मी तिला बाहेर पिटाळायचे. उंबऱ्यात थांबायचं नाही, नाहीतर पोरही यायच्या वेळी तसंच रेंगाळतं. माझ्या आईने मला हेच सांगितलं होतं. याला आकिनिसीची हरकत नव्हती. फिरणं तिलाही हवंच होतं. पण निवीच्या बोटातून रक्त काढून तपासलं आणि आकिनिसीचा चेहरा उतरला.

"अंगात रक्त नाही हिच्या. काय खायला घालतेस?"

"सगळं. मासे, मांस, कलेजी."

"आणि त्यावर चहा?"

"मग काय, समुद्राचं पाणी देऊ?"

"मांसावर चहा ढोसला की त्यातलं लोह अंगी लागत नाही. जेवण झाल्यावर बराच वेळ चहा नाही. या गोळ्या रोज घ्यायच्या. निवी, सिगारेट सोडलीस ना गं? पुन्हा धरू नकोस."

आमच्या घरात किटली कधी गार होत नाही. कच्चं मांस आणि काळा चहा, यावरच आम्ही मोठे झालो. मी घरी येऊन खूप बडबडले. निवीने मात्र कप उपडा करून ठेवला. रक्त वाढलं नाही तर शेवटच्या महिन्यात विमानात बसवतात आणि दूर शहरातल्या इस्पितळात पाठवतात, हे तिला माहीत होतं. तिला पोर इथे हवं होतं, आकिनिसीच्या हातात.

आमच्यात जी बाई नाळ कापते किंवा बाळाला पहिले कपडे घालते, ती त्याची सनाजी. ती त्याला जन्मभर 'मी घडवलेला' म्हणते. त्याचा पहिला मासा, पहिला पक्षी, पहिला सील तिच्या दारी जातो. जुपीचे मासे आणि पक्षी केव्हाच देऊन झाले होते. सील तेवढा राहिला होता. तो पाण्याचा ट्रक चालवतो. बर्फावर तासन्‌तास दबा धरून बसणं त्याच्याच्याने कुठलं व्हायला? पण बायकोला कलेजी हवी म्हणून गेला, आणि घेऊनच आला. सील ओढत घरापर्यंत आणला, दारात क्षणभर थांबला, निवीकडे बघितलं आणि पुढे निघाला. रीत म्हणजे रीत. सील आकिनिसीच्या दारी गेला.

तिने तो सगळा ठेवून घेतला. नाही म्हणणं म्हणजे पोराचा अपमान. मग तिने निवीला बोलावलं, जमिनीवर पुठ्ठा अंथरला, अख्खी कलेजी तिच्यापुढे ठेवली आणि समोर बसून राहिली.

"माझं मांस, मी वाटेन तसं. खा."

"मावशी, एवढी?"

"एवढी. सासूकडे बघू नकोस."

त्यानंतर निवीच्या गालांवर जरा रंग आला. आता होतंय सगळं नीट, असं मला वाटलं. शेवटच्या तपासणीला मीही गेले. रक्त वाढलं होतं, पण हवं तेवढं नव्हतं.

"जायला हवं," आकिनिसी म्हणाली.

निवी रडायला लागली. माझं डोकं फिरलं. "थोडक्यासाठी? तुझ्याच हातात आहे ना? ठेवून घे तिला."

"बाळंतपणात रक्त गेलं तर इथे मी काय देऊ तिला? चहा?"

"तुझं पोर तिकडे झालं तेव्हा काय झालं, विसरलीस?"

हे मी बोलायला नको होतं. ती पोरसवदा होती तेव्हा तिलाही विमानात बसवलं होतं. गावात बाळंतघर नव्हतं. तिकडच्या कुणाची भाषा कळत नव्हती. नाळ कुणी कापली, तिचं नावही माहीत नाही. पुढे तिच्या पाउलुसीने पहिला हंस मारला आणि तो हातात धरून गावभर हिंडला. द्यायचा कुणाला? संध्याकाळी घरी आणून टाकला. आकिनिसीने तो शिजवला नाही. त्यानंतरच ती हे काम शिकली.

"विसरले नाही," ती म्हणाली. "म्हणूनच पोर आणि आई, दोघंही परत यायला हवीत."

मी शिवलेलं झबलं निवीच्या पिशवीत घातलं आणि तिला निरोप दिला. आकिनिसीशी मी बोलणं टाकलं.

मुलगा झाला. निवीचं रक्त गेलं, खूप गेलं. तिकडे होती म्हणून चढवता आलं. फोन ठेवल्यावर मी थेट बाळंतघरात गेले आणि आकिनिसीच्या शेजारी बसले.

दोघं परत आली त्या दिवशी विमानतळावर सगळे जमले होते. पाउलुसी तिथेच सामान उतरवायला असतो. आकिनिसी सगळ्यांच्या मागे उभी होती. निवी आत आली आणि जुपीला, मला ओलांडून तिच्यापाशी गेली. अंगरख्याला मागे बाळ ठेवायला मोठी टोपी असते, तिच्यातून तिने बाळ काढलं. लंगोट आणि वर गुंडाळलेल्या दोन दुलया, एवढंच त्याच्या अंगावर होतं.

"नाळ त्यांनी कापली, मावशी. ते मला अडवता आलं नाही. पण कपडे कुणाला घालू दिले नाहीत. नर्स रोज रागवायची."

तिने पिशवीतून माझं झबलं काढून आकिनिसीच्या हातात दिलं. आकिनिसी बाकावर बसली. एवढी पोरं ओढून काढलेले तिचे हात, पण त्यांना बाही सापडेना.

"लवकर कर, गारठेल ते," मी म्हणाले.

"गप्प बस गं," ती म्हणाली, आणि रडत रडत तिने त्याचा हात बाहीत घातला.

पाउलुसी हातातली बॅग तशीच धरून बघत होता.