भिंतीवर टिचकी मारणारी

ठाकुर्लीच्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा बायकोने एक इंटिरियर डिझायनर आणली. मला तिचा पहिल्यापासून संशय. बोलण्याआधी भिंतीवर टिचकी मारायची. भिंत तपासतेय की आम्हाला, कळायचं नाही.

एकदा बायको आत चहा करत असताना ती हळूच म्हणाली, "काका, घरात वाद नको असेल तर माझ्यावर ढकला. डिझायनरने सांगितलं म्हणायचं."

मी तसंच सांगून बायकोच्या माहेरचं अवजड कपाट काढायला लावलं. बायकोने डिझायनरच्या नावाने बोटं मोडली, मला मात्र चहा वेळेवर मिळाला. भांडण न होता काम संपलं.

नव्या हॉलमध्ये बसायला गेलो, तर माझी आरामखुर्चीच नाही.

"अगं, माझी खुर्ची?"

"अहो, मी कशाला काढीन? डिझायनरने सांगितलं."