बिरूतात्यांची विहीर

बिरूतात्या गवत चाखून ओळखत. आमच्या विद्यापीठाच्या पर्यावरण विभागात ते रोजंदारीवर होते. मूळचे मेंढपाळ, त्यामुळे रान पाठ. शिवाय विभागात कुणाचंही व्याख्यान असलं की तात्या हजर. एकदा बाहेरगावचे पाहुणे इंग्रजीत एका गवताला मेंढ्यांचा आवडता चारा म्हणाले. मी ते मराठीत सांगताच तात्या म्हणाले, "मेंढरांना इचारलं का? तोंड बी लावीत नाय." पाहुण्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

"कळतं का हो सगळं?" मी विचारायची.

"निम्मं. पण आपल्याच रानाचं बोलायलेत, उठून कसं जावं, ताई?"

तेव्हा शहराबाहेर कारखाने भराभर वाढत होते. तात्यांचं गाव त्यांच्या खालच्या अंगाला. तिथल्या विहिरींचं पाणी तपासणं हा माझ्या पीएच.डी.चा विषय. तात्या बाटल्या भरून आणत, आणि घरी त्यांच्या पत्नी सरूबाई मला भाकरी खाऊ घालत. उन्हाळ्यात निकाल आला. तात्यांच्याच विहिरीत कारखान्याच्या सांडपाण्यातलं विष उतरलं होतं.

"सेमिनारच्या आधी अवाक्षर काढायचं नाही," माझे मार्गदर्शक म्हणाले. "दुसरा कुणी छापून मोकळा होईल." विभागाची रीतच होती ती. महिन्याभराचा तर प्रश्न, म्हणून मीही शहाण्यासारखी तोंड मिटून बसले. कसलं डोंबलाचं शहाणपण!

तेवढ्यात नामांतराचं आंदोलन पेटलं. विद्यापीठ बंद पडलं, सेमिनार लांबतच गेला. तात्या मात्र दर आठवड्याला सायकलवरून पाण्याची बाटली माझ्या खोलीवर आणून देत.

"बरं हाय ना पाणी?"

"तपासणी चालू आहे, तात्या." प्रयोगशाळेला तर कुलूप होतं.

पावसाळ्यात त्यांची मेंढरं एकेक करून गेली. मग सरूबाईंचं पोट दुखू लागलं, आणि दिवाळीच्या आधी त्याही गेल्या. कशानं, ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. मी भेटायला गेले, तात्यांसमोर तासभर बसले आणि तशीच परत आले. माझी मलाच लाज वाटते अजून.

विद्यापीठ उघडल्यावर सेमिनार झाला. सभागृह भरलेलं. पडद्यावर विहिरीचं चित्र आलं, त्याभोवती लाल वर्तुळ. टाळ्या झाल्या. सगळे चहाला गेल्यावर तात्या जवळ आले.

"ही आमची हीर ना?"

"हो."

"खराब हाय?"

"हो, तात्या."

"कव्हा कळलं?"

"उन्हाळ्यात."

ते दाराकडं वळले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर ते विभागात कधी आले नाहीत, आणि दोनेक वर्षांत गेलेही. त्या दिवशी सभागृहातून जाताना माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच.

"सरू म्हणायची, पाण्याला वास यायलाय. म्याच म्हणलं, पी गुमान. ताई तपासायल्यात. वाईट असतं तर बोलल्या असत्या."