टिकटिकीच्या मागं पखवाज

सन २०२३. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि पखवाजाबद्दल मला कोणी काही सांगावं असं माझं वय राहिलेलं नव्हतं.

माझी नात पुण्यात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी रॉक बँडमध्ये गिटार वाजवते. त्यांचा पहिला अल्बम मी मोबाईलवर ऐकला होता. नुसती आदळआपट. दुसरा करायला घेतला तेव्हा ती म्हणाली, "आबा, आता आमचा आवाज बदलतोय. गाणी लांब झालीत. एकाच गाण्यात ताल बदलत जातो. शेवटच्या गाण्यात तुमचा पखवाज पाहिजे."

विचार करून सांगतो म्हणालो. खरं तर त्याच दुपारी पखवाजाच्या वाद्या ओढायला घेतल्या.

बँड आमच्या घोडेगावजवळच्या वस्तीवर आला. नात, आणखी एक गिटारवाला आणि डोक्यावर केसांचा बुचडा बांधलेला ड्रमवाला. घरात आवाज घुमतो म्हणून रिकाम्या कांदाचाळीत रेकॉर्डिंगची बैठक मांडली. मी पखवाजाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावून थाप मारली. ड्रमवाला "वा!" म्हणाला. इथवर सगळं झकास.

मग नातीनं माझ्या कानांवर हेडफोन चढवला. आत टिकटिक चालू.

"ही कशाला?"

"सगळ्यांनी एका लयीत राहावं म्हणून. हिच्याबरोबर चालायचं, आबा."

आता आमच्या भजनाची रीत अशी, की अभंग सावकाश उचलायचा आणि लय चढवत न्यायची. टाळकरी घामाघूम झाले तरच भजन रंगलं. माझ्या हातांना दुसरं काही ठाऊकच नाही. थोड्याच वेळात मी पुढं आणि टिकटिक मागं.

"आबा, तुम्ही पळताय."

"मी न्हाई पळत. तुमची टिकटिक पेंगतीय."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. वाऱ्यानं कणीक वाळली, ती खरवडून दुसरी लावली, तरी तेच. शेवटी नात शेजारी येऊन बसली.

"आबा, उद्या आम्हाला निघायचंय. जमलं नाही तर पखवाज कॉम्प्युटरमधून घ्यावा लागेल. मी या दोघांशी भांडून तुम्हाला घेतलंय."

"घे की. त्याला कनीक कोन लावतंय बघतो."

असं म्हणून तडक घरात जाऊन जेवायला बसलो. भाकरी काही गोड लागेना. बायकोनं विचारलं, तेव्हा झालेलं सांगितलं. ती हसायलाच लागली.

"त्या मशीनला तरी अक्कल हाय. तुमच्या मागं पळत न्हाई. मंडळातले टाळकरी बिचारे धापा टाकत्यात, पन म्हाताऱ्याला सांगायचं कुनी, म्हंत्यात."

"कोन म्हंतं?"

"समदेच."

हे मला नवीन होतं.

चाळीत परतलो तर ड्रमवाला म्हणाला, "आबा, काढा ते कानावरचं. शेवटचा तुकडा तुमच्या रीतीनं करू. तुम्ही पळा, मी मागं येतो."

मग काय विचारता! लय चढत गेली, गिटारवाला मधेच घसरला, स्वतःच हसला, पुन्हा पळत येऊन गाठलं त्यानं. शेवटच्या थापेला बाहेर बसलेल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

"हेच पाहिजे होतं!" नात ओरडली. मी मिशीवर हात नेणार, तोच म्हणाली, "पण आबा, त्याच्या आधीचं टिकटिकीवरच लागेल. तिथं गाणं दबा धरून चालतं. तिथं दाबून धरलं, तरच शेवटी सुटल्यासारखं वाटेल. सकाळी एकदा बघू. नाहीच जमलं तर तेवढं कॉम्प्युटरचं."

म्हणजे एकाच गाण्यात अर्धा मी आणि अर्धा कॉम्प्युटर. तिनं माझ्याच मोबाईलमध्ये टिकटिक घालून दिली आणि बटण दाखवलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपलेले असताना मी कणीक भिजवली, चाळीत जाऊन बसलो आणि ते बटण दाबलं. नात चहा घेऊन आली तेव्हा दोघंही जोडीनं चाललो होतो, मी आणि टिकटिक.

"आबा, जमतंय की!"

"जमायचं काय त्यात? ती कुठं चुकतीय ते बघतोय," म्हणालो, आणि हात न थांबवता मानेनंच तिला चहा खाली ठेवायला सांगितलं.