कोनच्या घरातला सिमवाला टॅब

नोकरीत मी खून, दरोडे, गोदामफोड्या असे पुष्कळ गुन्हे तपासले. पण कुणी माझ्या तपासांविषयी विचारलं की मला आधी आठवते ती एका टॅबची चोरी. कारण त्या तपासात मी चुकलो होतो, आणि चुकतोय हे मला तेव्हाच कळत होतं.

निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका दुपारी जवळच्या कोन गावातली एक सून फिर्याद घेऊन आली. सासर जुनं, जमिनी गोदामांना भाड्याने दिलेल्या. ती स्वतः भिवंडीतल्या शिक्षकाची मुलगी. दहावीच्या मुलांना घरून ऑनलाइन गणित शिकवायची. घरी हळदीकुंकू होतं, बायकांची ये-जा होती आणि वरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला तिचा टॅब गेला होता.

"सिमवाला होता," ती म्हणाली. "मुद्दाम तसाच घेतला. आमच्याकडे वायफायची केबल गोदामांचे कंटेनर-ट्रक तोडून नेतात. आणि सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कल्याणला न्यावं लागतं. मी तिथे बाकावर बसून तास घेते."

"संशय कुणावर?"

सोबत आलेला तिचा थोरला दीर म्हणाला, "कामवाली बाई हाय ना, नारपोलीची. त्या दिवशी वरची खोली तिनंच झाडली."

गुन्हा नोंदवला. माझ्या हाताखाली एक तरुण महिला उपनिरीक्षक होत्या. पाच वर्षांची नोकरी. त्यांनी फिर्यादीकडून टॅबचा खोका मागवला आणि त्यावरचा आयएमईआय नंबर उतरवून घेतला.

"सर, सिमचा टॅब आहे म्हणजे त्याला मोबाईलसारखाच नंबर आहे. कुणीही त्यात सिम घातलं की कळेल. मोबाईल कंपन्यांना पत्र तयार करते, तुमची सही हवी."

"ठेवा टेबलावर," मी म्हणालो.

आता खरं सांगतो. त्या उपनिरीक्षक बाईंचा मला मत्सर वाटायचा. मागच्याच महिन्यात त्यांनी एक गोदामफोडी टेबलावर बसून, मोबाईल कंपनीच्या कागदांवरून उघड केली होती. मासिक बैठकीत वरिष्ठांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. त्याच गुन्ह्यासाठी मी तीन आठवडे खबरी फिरवले होते, त्याचा उल्लेखही झाला नाही. त्या दिवसापासून त्या काही सुचवू लागल्या की मी आधी त्यात खोट शोधायचो. पत्र बरोबर होतं. मी ते फायलीखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, त्या कामवालीच्या पोरीच्या हातात टॅब दिसला. काळा." मला आनंद झाला. जुन्या पद्धतीने गुन्हा उघड होणार होता, आणि तो मी करणार होतो.

मी कामवालीला टॅबसकट ठाण्यात आणवलं. नियमाप्रमाणे बाईची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते. तो नियम मी नव्या अंमलदारांना शिकवत असे. तिचा नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, शिफ्टला होता, ती एकटीच आली. बाकावर बसली.

"टॅब कुठून आणला?"

"साहेब, जुना घेतला, पोरीच्या पढाईसाठी. दुकानवाल्याचा कागद घरी आहे. मैंने किसी का नहीं लिया."

उपनिरीक्षक बाईंनी तो टॅब हातात घेऊन कडेने फिरवला, सेटिंगमध्ये पाहिलं.

"सर, हा नुसता वायफायवाला आहे. यात सिमची जागाच नाही. चोरीला गेलेला हा नव्हेच."

ठाणे अंमलदारासकट सगळ्यांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. तिथेच कामवालीला घरी पाठवायला हवं होतं. पण सगळ्यांसमोर पुन्हा त्यांचंच खरं ठरलं, हे मला सोसलं नाही. मी म्हणालो, "तो विकून हा घेतला असेल. बसू दे तिला."

ती संध्याकाळपर्यंत बसली. मी तिला तेच प्रश्न चार वेळा विचारले आणि तिने चार वेळा तेच उत्तर दिलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, हे मला इतक्या वर्षांत पक्कं माहीत होतं. शेवटी तिचा नवरा दुकानदाराचा कागद घेऊन आला, तेव्हा मी तिला सोडलं. कोनच्या घराने तिला कामावरून काढलं होतं आणि नारपोलीच्या चाळीत तिला पोलिसांनी नेल्याचं सगळ्यांना कळलं होतं.

पत्रावर मी तिसऱ्या दिवशी सही केली, तीही उपनिरीक्षक बाईंनी पुन्हा समोर धरलं म्हणून. उत्तर आलं. चोरीनंतर दोनच दिवसांनी त्या टॅबमध्ये एक नवं सिम चाललं होतं. टॉवर कोनचाच. सिम फिर्यादीच्या मोठ्या जावेच्या नावावर.

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मोठी सून स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. वय चाळिशीचं. उपनिरीक्षक बाईंनी तिच्याशेजारी खाली बसून सरळ विचारलं, "ताई, तुमच्या नावाचं सिम त्या टॅबमध्ये कसं गेलं?"

तिने हात धुतले, पदराला पुसले. "त्याला पण नंबर असतो का? मला वाटलं, फोनलाच असतो."

आतल्या खोलीत जाऊन तिने कपाटातून टॅब आणला. साडीच्या घडीत ठेवला होता. पूर्ण चार्ज केलेला. फिर्यादीचं जुनं सिम एका छोट्या डबीत जपून ठेवलं होतं. विकण्यासाठी चोरणारा माणूस दुसऱ्याचं सिम जपत नाही.

मी विचारलं, "तुमच्याकडे स्वतःचा टॅब आहे ना?"

"हाय ना सायेब. हिच्यापेक्षा मोठा. मीच हट्टानं घ्यायला लावला. दुकानदारानं सिमचं काय विचारलंच न्हाय, आणि मला काय माहीत? दवाखान्यात नेला, तर काय लागेना. ही धाकटी म्हणाली, 'ताई, यात सिम बसत नाही, माझ्या फोनचं नेट देते तुम्हाला.' सासू हसली. बाजूच्या बायका हसल्या."

"ती मदतच करत होती," उपनिरीक्षक बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर." ती म्हणाली. "अठरा वर्षं मी त्या सासूचं केलं. पथ्याचं जेवण, गोळ्या, सगळं. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, आमची धाकटी दवाखान्यातून पण शिकवते. माझं नाव न्हाय घेत. मला तो टॅब नको होता. माझं सिम घालून एकदा बघायचं होतं. घातलं, तर लगेच चालला."

"आणि कामवालीला आम्ही नेलं तेव्हा?"

"तेव्हा सांगणार होते. दोनदा उंबऱ्यापर्यंत आले. पण हिच्यासमोर चोर ठरायचं, ते जमेना."

मी टॅब आणि डबी ताब्यात घेतली. माझ्या टेबलावर तीन दिवस पडलेलं पत्र मला दिसत होतं.

धाकटीने पुढे तक्रार ताणली नाही. न्यायालयाच्या परवानगीने प्रकरण आपसात मिटलं. दोघी जावा त्याच घरात राहिल्या, पण चुली वेगळ्या झाल्या. मोठी सून नारपोलीला जाऊन कामवालीची माफी मागून आली, असं कळलं. उपनिरीक्षक बाई मला एवढंच म्हणाल्या, "सर, आपणही जायला हवं."

मी गेलो, पण निवृत्त झाल्यावर. चाळीच्या खाली लूम चालू होते, मोठ्याने बोलावं लागत होतं. तिने मला ओळखलं, खुर्ची दिली. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी तुम्हाला उगाच बसवून ठेवलं. चूक झाली."

"गलती नाही साहेब," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मॅडमने पहिल्याच घंट्यात सांगितलं होतं, ये वो टॅब नहीं है. तुम्हाला पटलं पण होतं. मी बाकावरून तुमचं तोंड बघत होती."

आयुष्यभर मी समोरच्याच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं ओळखलं आणि त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी ठाण्यात ते काम त्या बाईने माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं. मत्सराने माणूस आंधळा होतो असं मी समजत होतो. तसं होत नाही. त्याला सगळं दिसत असतं.