होडीची मागची फळी

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे, आणि ती हे कौतुकानं म्हणत नाही. डोंबिवलीत माझं घर, नौपाड्यात नोकरी आणि ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात म्हातारे आईबाप. या तिन्ही ठिकाणी मी खांद्यावरची पर्स न काढताच बोलते. अशा माणसानं अख्खा पावसाळा एका होडीच्या मागे बसून काढला, हे मी सांगितलं तर ऑफिसात कोणी विश्वास ठेवणार नाही.

होडी बाबांची. फायबरची, आणि आमच्याकडे आली तेव्हाही कोणाची तरी वापरलेली. सत्तरी उलटली तरी बाबा तिच्यातून एकटे खाडीत जायचे. मासळी आता फारशी मिळत नाही. कधी थोडी कोळंबी, कधी चार बोईट, कधी जाळ्यात नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. तरी जायचे. मागच्या हिवाळ्यात ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. पाणी परत चढेपर्यंत ते तिथेच बसून राहिले, आणि आम्ही धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिलो. भरतीबरोबर आले, टोपलीत दोन खेकडे घेऊन, आणि आईला म्हणाले, "चहा ठेव." त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं, हे बंद झालं पाहिजे.

बंद होण्याची संधी ज्येष्ठातच आली. बाबा म्हणाले, मशीन मान हलवते. होडीच्या मागच्या टोकाला एक उभी, सपाट भिंत असते, तिच्यावर मशीन, म्हणजे होडीचं इंजिन, टांगतात. आमच्या घरात तिला मागची फळी म्हणतात. बाहेरून फायबर, आतून फायबर आणि मधे प्लायवूड. वेग वाढवला की ती फळी आतबाहेर होत होती, म्हणजे मशीन एक दिवस फळीसकट खाडीत जाणार. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिलं. कडेला टक टक वाजलं, मधे मात्र पिकलेल्या फणसावर थाप मारावी तसा आवाज आला.

घोडबंदर रोडला राहणारा माझा धाकटा भाऊ त्या रविवारी आला होता. त्यानं होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "विकून टाका बाबा. हे वय आहे का हे सगळं करायचं?" बाबा म्हणाले, "नारली पुनवेला पाण्यात गेली तर गेली. नाय गेली तर मशीन देऊन टाकू." भावानं लगेच माझ्याकडे पाहिलं. मी पण त्याच्याकडे पाहिलं. आम्हां दोघांना तेच हवं होतं. बाबांचा शब्द म्हणजे शब्द, एवढं आम्हांला ठाऊक होतं.

मग मी दुरुस्तीला का बसले? दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर तिकडे गेले तर बाबा ताडपत्रीखाली एकटे, उजवा हात पोटाशी धरून, डाव्या हातानं फळीवरचा रंग खरवडत होते. उजवा खांदा वर्षभर धरलेला. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ते करत नाहीत, कारण भिंतीवर बोटं चालवणं त्यांना पोरखेळ वाटतो. मला ती होडी पाण्यात जायला नको होती. पण माझ्या बापानं ती एका हातानं दुरुस्त करावी, हे त्याहून नको होतं. मी पर्स खिळ्याला अडकवली आणि म्हटलं, "द्या इकडे ते."

रंग निघायला लागला तेव्हा खरी गंमत दिसली. गंमत कसली, डोक्यात तिडीक गेली. फळीच्या वरच्या कडेला लाल रंगाखाली निळा, निळ्याखाली पिवळा, आणि त्यांच्या तळाशी पुट्टीनं बुजवलेली भोकं. एक नाही, दोन नाही, ओळच्या ओळ. नारळी पौर्णिमेला होडीवर निशाण लागतं. आमच्या आधीच्या लाकडी होडीला निशाणाची काठी बांधायला वेगळी जागा होती, आणि लाकडाला उगीच भोक पाडलं तर आजोबा हात तोडायला उठायचे. फायबरची आली आणि सगळ्यांना वाटलं, हिला काय होतंय! फायबर कुजत नाही. मग दर पौर्णिमेला ड्रिल लावायचं, फळीच्या डोक्यावर दोन स्क्रू मारायचे, काठी उभी करायची. सण झाला की स्क्रू काढायचे, पुट्टी भरायची, वर रंग. पुढच्या वर्षी जुनं भोक ढिलं लागायचं, म्हणून शेजारी नवं. फायबर खरंच कुजलं नाही. पण त्या प्रत्येक भोकातून पाणी आतल्या प्लायवूडला पोचत राहिलं.

आतलं फायबर मी ग्राइंडरनं कापलं. त्याची पूड अंगावर बसली की अशी खाज सुटते की आपलंच कातडं उतरवून ठेवावंसं वाटतं. आतून प्लायवूड हातानंच निघालं, काळपट तपकिरी, चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखं. आई चहा घेऊन आली आणि तिनं तो ढीग पाहिला.

"कशानं झालं हे?" तिनं विचारलं.

मला थांबता येत नाही, तसं गप्पही बसता येत नाही. मी सरळ सांगितलं, "निशाणाच्या भोकांनी."

निशाण दर वर्षी आई शिवते. झेंडूची माळ ती ओवते, काठीला हळदकुंकू ती लावते आणि काठी जरा जरी कलली तरी बाबांना ती परत उतरवायला लावते. तिनं कप खाली ठेवला. "म्हंजे मीच बुडवत होते तुला?" ती बाबांना म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला की मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"काय पन बोलतेस," बाबा म्हणाले. "निशाणानं काय होतंय. भोक मी पाडलं. स्क्रू काढल्यावर पुट्टीच्या जागी नीट रेझिन भरलं असतं तर काय झालं नसतं. आळस केला." मग माझ्याकडे वळून, "आनि तू गो, जरा जपून बोलत जा. आय हाय ती तुझी."

फळी उघडी झाली आणि माझी खरी शिक्षा सुरू झाली, वाट बघण्याची. आतलं सगळं खडखडीत वाळल्याशिवाय नवं प्लायवूड बसवायचं नव्हतं, आणि आकाशाला तर गळती लागलेली. ताडपत्रीखाली आम्ही मोठा बल्ब लावला. मी घरून केस वाळवायचं मशीन आणलं. बाबा हसले, "वेणी पन घाल तिची." मी रोज ऑफिस सुटलं की नौपाड्यातून चालत सुटायची, फळीवर तळहात ठेवायची आणि चिडायची. ओलच. परत दुसऱ्या दिवशी ओलच. बाबा उलट्या टोपलीवर बसून जाळं विणत असायचे. त्यांना घाई नसायची, आणि जवळ येत होती ती पौर्णिमेची मुदत त्यांची होती, माझी नव्हती! मला तर ती हुकायला हवी होती. तरी रात्री डोंबिवलीला अंथरुणावर पडल्यावर पावसाचा आवाज वाढला की मी ताडपत्रीची दोरी नीट बांधली का, हेच आठवत बसायची. नवरा म्हणाला, "तुला नक्की काय हवंय, होडी चालायला की बंद पडायला?" मी कूस बदलली.

रेझिन, म्हणजे फायबर चिकटवायचं पातळ रसायन, मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतून घेतलं. डबा जड, झाकण गळकं. लोकलमध्ये असलं नेऊ देत नाहीत म्हणून कल्याणला जाऊन एसटी पकडली, तर ठाण्यात खोपटपर्यंत कंडक्टर तीनदा मागे येऊन गेला. "ताई, पेंट आहे का ते? डोकं दुखतंय सगळ्यांचं." मी म्हटलं, "औषध आहे." आजारी माणसासारखा चेहरा करून बसले. एका बाईनं सहानुभूतीनं खिडकी उघडून दिली.

रेझिनमध्ये हार्डनर घालतात, म्हणजे ते घट्ट होतं. किती घालायचं याला माप असतं. पण बाहेर भरून आलं होतं, हवा ओलसर, आणि मला वाटलं थोडं जास्त घातलं तर लवकर धरेल. बाबा मागून म्हणाले, "बास." मी आणखी ओतलं. बघता बघता हातातला मग तापला, रेझिनचा गोळा झाला, तडकला, त्यातून धूर निघाला आणि प्लॅस्टिकचा मग खालून वितळून माझ्या चपलेवर बसला. मी ओरडत बाहेर पळाले. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. "डिट्टो तू," ते म्हणाले. "पटकन तापतेस नि कामाला येत नायस."

मी दोन दिवस तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा बाबांनी नवं प्लायवूड मापात कापून ठेवलं होतं, डाव्या हातानं, वेडंवाकडं. ते मी घासून सरळ केलं. दोन थर रेझिननं एकावर एक चिकटवले, शिकंजे लावून आवळले. मग त्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, ब्रशनं रेझिन पाजायचं, बुडबुडे दाबून काढायचे आणि वाळू द्यायचं. मग पुन्हा चटई. बाबा माप सांगत होते आणि मी मुकाट्यानं ते माप पाळत होते. मशीनच्या बोल्टांसाठी भोकं पाडली तेव्हा प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला बाबांनी माझ्याकडून रेझिन फिरवून घेतलं, एकदा, मग पुन्हा एकदा. वरच्या कडेला मात्र ड्रिल लावू दिलं नाही.

"निशाण?" मी विचारलं.

आई म्हणाली, "नको यंदा."

"नको कसं?" बाबा म्हणाले. "पुढे बसायच्या फळीला दोरीनं बांध. तू बांध, घट्ट." आईनं बांधलं. काठी थोडी कललीच. या वेळी तिनं ती उतरवायला लावली नाही.

पौर्णिमेच्या दिवशी भाऊ राखीसाठी आला होता. दुपारी उधाणाचं पाणी धक्क्याच्या पायरीला लागलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून होडी ढकलली. भावाचे नवे बूट चिखलात गेले. मशीन टांगली, बोल्ट आवळले. वस्तीतल्या बाकीच्या होड्या ढोल वाजवत, सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन पुढे निघाल्या होत्या. मी बाबांच्या शेजारी होडीत उभी राहून फळीकडे बघत होते. मशीनचं सगळं वजन तिच्यावर होतं आणि ती जराही हलत नव्हती. माझंच काम होतं ते, आणि चांगलं झालं होतं. मनातल्या मनात मी तिला शिव्या दिल्या.

बाबांनी दोरी धरली आणि ओढली. ही दोरी जोरात खेचल्यावर मशीन चालू होते. ती नुसती खोकली. पुन्हा ओढली. या वेळी दोरी अर्ध्यातच थांबली आणि बाबांचा चेहरा पांढरा पडला. खांदा. त्यांनी हात बदलला, डाव्या हातानं ओढली. त्या हातात तेवढा झटका नव्हता. पुन्हा ओढली. पुढच्या होडीतून कोणीतरी हाक मारली, "येता ना दादा?" बाबांनी पुन्हा मूठ धरली. धक्क्यावर आई नारळ घेऊन उभी होती. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. मला पण कळलं होतं. फळी नाही, खांदाच गेला होता. मी काही करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं, अजून दोनचार झटके त्यांना मारू द्यायचे, आणि ते आपणहून म्हणाले असते, राहू दे. मग मशीन विकली असती, आणि पुढच्या हिवाळ्यात मला त्या धक्क्यावर येरझाऱ्या घालाव्या लागल्या नसत्या.

बाबा दोरीची मूठ हातात धरून बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही. मागितलंही नाही. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

मी त्यांच्या हातातून मूठ काढून घेतली, पाय फळीला टेकवला आणि ओढली. पहिल्याच झटक्यात मशीन सुरू झाली. मला इतका राग आला की रडू फुटलं. राग माझ्या हाताचा, त्यांच्या खांद्याचा, त्या दणकट फळीचा. धूर डोळ्यांत गेला असं दाखवून मी तोंड पुसलं.

बाबांनी सुकाणू धरलं. होडी वळली, बाकीच्यांच्या मागे लागली. धक्का मागे पडायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उतरलेच नाही.

"बस ना गो," ते म्हणाले. मी बसले.

खाडीच्या मधोमध नारळ सोडले, ढोल थांबले, होड्या परत वळल्या. बाबांनी मशीन कमी केली.

"उद्या येशील?" त्यांनी विचारलं.

उद्या ऑफिस होतं, ऑडिटचा दिवस होता, आणि डोंबिवलीहून निघायचं म्हणजे पहाटेच उठायला लागलं असतं. मी म्हटलं, "किती वाजताचं पाणी आहे?"