मोटरीची दोरी

आखातात, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये मी बोटींच्या मोटरींची सर्व्हिस बघतो. गेल्या हिवाळ्यात कंपनीचा रिकॉल आला. काही मोटरी न्यूट्रलमध्ये दिसायच्या, पण चालू करताच गिअर धरायच्या आणि बोट एकदम पुढं उसळायची. नवा पार्ट यायला वेळ होता. तोवर मोटर वापरू नका, असं मालकांना कळवायचं होतं. मालक फोनवर ‘इंशाल्ला’ म्हणायचे आणि सकाळी बोटी समुद्रात जायच्या. बोटीवर मालक, म्हणजे अरबाब, नसतो, त्याची माणसं असतात.

मग मीच मॅनेजरला सुचवलं, मोटरींच्या दोऱ्या काढून आणू. लाल, पिळाची दोरी. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाची क्लिप मोटरीच्या बटणाखाली. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि मोटर बंद पडते. क्लिप नसेल तर मोटर चालूच होत नाही.

“बेस्ट,” मॅनेजर म्हणाला. “आपण थांबवलं नाही, असं उद्या कोणी म्हणायला नको.”

बुसैतीनच्या धक्क्यावर एक चाचा होते. श्रीवर्धनकडचे, साठीला टेकलेले. पगार नाही, जाळीत येईल त्यातला हिस्सा. मी क्लिप काढली, तसे ते उठले.

“भाऊ, दोरी नेलीस तर आमी खायाचं काय?”

“आराम करा, चाचा. माशांनाही जरा सुट्टी मिळू दे.”

शेजारच्या बोटीवरचे हसले. मलाही माझा विनोद आवडला.

“पोटाला काय सांगू? रिकॉल झालाय?”

“अरबाबला विचारा.”

“अरबाब काय बोलंल? यल्ला, जा!”

मग ते वाद घालायचे थांबले आणि त्यांची नजर नायलॉनच्या रिळाकडं गेली. बटणाखाली नायलॉनचे चार वेढे घातले की मोटर चालू होते. हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. आदल्या दिवशी अरादच्या धक्क्यावर ज्या बोटींच्या दोऱ्या मी काढल्या, त्या बोटी आज सकाळी समुद्रात गेलेल्या होत्या. म्हणजे मोटर मी बंद केलीच नव्हती. माणूस पडल्यावर तिला थांबवणारी एकमेव वस्तू तेवढी काढून नेत होतो. पिशवी घेऊन गाडीकडं चालताना हे मला स्पष्ट कळत होतं. गाडीत बसलो, एसी लावला आणि पिशवीचा फोटो मॅनेजरला पाठवला.

त्याच आठवड्यात चाचांनी जाळं ओढून मोटर चालू केली. बोट उसळली, ते पाण्यात गेले. मोटर चालूच राहिली. रिकामी बोट गोल फिरून त्यांच्याच अंगावर आली. मोटरीच्या पंख्यानं उजवा पाय गेला, गुडघ्याच्या वर.

अरबाबनं भरपाईसाठी आमच्याकडं बोट दाखवलं. मॅनेजरनं मला हॉस्पिटलात पाठवलं. “तुझ्याच भाषेचा आहे. वापरू नका म्हणून सांगितलं होतं, एवढं त्याच्या तोंडून व्हिडिओत घे. म्हणजे आपल्यापुरतं खलास.”

चाचांना माझं तोंड बघवत नव्हतं असं काही नाही. उलट मला बघून त्यांना बरं वाटलं. मराठी बोलणारं तिथं कोणी नव्हतं. मी फोन समोर धरला.

“हां, भाऊनं सांगितलेलं. दोरीपण नेलेली. मीच ऐकलं नाय.” मग फोनकडं न बघता माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, “पण भाऊ, दोरी हाताला असती तर मोटर थांबली असती ना रे?”

“सांगता येत नाही, चाचा,” मी म्हणालो. “मोटरच खराब होती.”

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला.

खाली पार्किंगमध्ये बसून मी तो प्रश्न आणि माझं उत्तर कापलं आणि उरलेला व्हिडिओ पाठवून दिला. चाचांना भरपाई मिळाली नाही. जखम सुकल्यावर अरबाबनं त्यांचा व्हिसा रद्द केला. एअरपोर्टवर त्यांची व्हीलचेअर मीच ढकलली, आणि आत जाताना त्यांनी माझ्या मुलांना दुवा दिली.