गप्प मुलीचा खो

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. सुकन्या गडदे दोरी ताणून खो-खोच्या मैदानावर फक्की टाकत आहेत. ही पांढरी रेघ त्या दुसऱ्या कुणाला आखू देत नाहीत. सोलापुरातल्या एका शाळेत त्या शारीरिक शिक्षण शिकवतात आणि शाळेआधी मुलींचा संघ घडवतात. आजच्या सराव सामन्यानंतर जिल्हा स्पर्धेसाठी मैदानात उतरणाऱ्या नऊ जणी ठरतील. आठ नावं पक्की आहेत. नववं दानेश्वरीचं की नाही, एवढंच बाकी आहे.

दानेश्वरी कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गी गावची, दहावीत, इथं मावशीकडे राहते. संघात तिच्याइतकं चपळ कोणी नाही. पण बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावताना ‘खो’ मोठ्यानं म्हणावं लागतं. पंचाला ऐकू आला नाही तर फाउल. दानेश्वरीचा खो जिला द्यायचा तिलाही जेमतेम ऐकू येई.

“मॅडम, ही खो देती का कानात गुपित सांगती?” कर्णधार पायल एकदा म्हणाली. सगळ्या हसल्या. दानेश्वरी बुटांची नाडी बांधत राहिली.

सुकन्या बी.पी.एड.ला क्रीडा मानसशास्त्र शिकल्या होत्या. काही अभ्यासक म्हणतात, स्वभाव मुळातच असतो: कुणी अंतर्मुख, कुणी बहिर्मुख. काही म्हणतात, माणूस इतरांचं बघून घडतो. आणखी काहींच्या मते स्वभाव आणि प्रसंग मिळून वागणं ठरतं. जागा बदलली की तोच माणूस वेगळा दिसतो. परीक्षेत त्यांनी तिन्ही मतं नीट लिहिली. मनात मात्र पहिलंच रुजलं, कारण ते घरातलंच होतं. सांगोल्याकडे वडील हरिबा मेंढरं राखायचे. “फुडं चालनारी येगळी आन् मागं ऱ्हानारी येगळी. मागलीला कितीबी हाका, फुडं जानार न्हाय,” असं ते म्हणत. दानेश्वरी मागची, हे सुकन्यांनी ठरवून टाकलं आणि तिला राखीव बसवलं.

मग एका रविवारी तिची आजी सुंदरम्मा एसटीनं आली आणि नुकत्याच टाकलेल्या फक्कीच्या दिशेनं सरळ चालत निघाली.

“अज्जी! अल्ले निल्लु!”

मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या त्या आवाजानं आजी जागच्या जागी थांबली. रस्त्यावरचा रिक्षावालाही थांबला. पुढं दोघींचं कानडीत बोलणं सुरू झालं. दानेश्वरी आजीला दरडावत होती, हातवारे करत होती, खदाखदा हसत होती.

“एवढा आवाज कुठं ठेवला होतास गं?” सुकन्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं.

“मराठीत चुकतंय, मॅडम. मग हसत्यात.”

“अगं, ‘खो’त काय चुकायचं?”

“तोंड उघडायलाच नको वाटतंय.”

संध्याकाळी सुकन्यांनी वडिलांना फोन करून हे सांगितलं. हरिबा म्हणाले, “म्या मेंढीचं सांगिटलं हुतं. पोरीचं कुटं म्हनलो?”

दुसऱ्या दिवसापासून सरावातल्या हाका कानडीत सुरू झाल्या. ‘ओडु’ म्हणजे पळ, ‘हिंदे’ म्हणजे मागे. शिकवणारी दानेश्वरी.

“पायलताई, आमची म्हैस बरं कानडी बोलती तुमच्यापेक्षा,” ती म्हणाली.

“व्हय की, तिलाबी तूच शिकवलं असशील!” पायल म्हणाली. त्या दिवशी सगळ्या पायलला हसल्या.

आजच्या सामन्याला पंच म्हणून शिवकुमार सर होते. पहिल्याच डावात खो ऐकू आला नाही म्हणून त्यांनी दानेश्वरीला फाउल दिला. तिनं मान खाली घातली. “दाने, ओडु!” पायल ओरडली. त्यानंतरचा तिचा प्रत्येक खो कडेला उभ्या पालकांनाही ऐकू गेला.

वर्गात ती अजून गप्पच असते, असं वर्गशिक्षिका सांगतात. सुकन्या त्यावर काही करणार नाहीत. वर्गात फाउल नसतो, म्हणतात. सामना संपल्यावर त्यांनी नऊ नावं वाचली आणि दानेश्वरीचं शेवटी घेतलं.

उद्या रविवार. सराव सातला सुरू होईल आणि चौथ्या चौरसात दानेश्वरी बसेल.